गोल्फपटूंची स्ट्रेंथ ट्रेनर व्हायचंय? आधी साधा डेडलिफ्ट पक्का कर

प्रश्न : मी क्रीडाशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून गोल्फ खेळते, हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात तो आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) ११ आहे. व्यावसायिक खेळाडू होण्याइतका माझा खेळ नाही, हे मला कळतं. व्यायामाची मात्र मनापासून आवड आहे आणि गोल्फपटूंची फिटनेस ट्रेनर व्हावंसं वाटतं. आमचे प्रशिक्षक म्हणतात, वजनं उचलली की अंग आखडतं आणि स्विंग बिघडतो. आई-बाबांना वाटतं, हे क्षेत्र फारच छोटं आहे. सध्या मी व्हिडिओ पाहून मोठ्या चेंडूवर उभं राहून केबल ओढणं, क्लबला रबर बँड बांधून स्विंग करणं असे व्यायाम करते. हेच नीट शिकून पुढे जाता येईल का? कोणता अभ्यासक्रम करू?

उत्तर : तुझ्या पत्रातल्या शेवटच्या भागापासून सुरुवात करू, कारण तुझ्या करिअरची दिशा तिथेच ठरणार आहे. चेंडूवर उभं राहणं आणि क्लबला बँड बांधणं आजपासून थांबव. हे व्यायाम गोल्फसारखे दिसतात, पण गोल्फपटूला जे हवं ते त्यातून फारसं मिळत नाही.

असं का, ते समजून घे. डाउनस्विंग, म्हणजे मागे नेलेला क्लब चेंडूपर्यंत खाली आणणं, साधारण पाव सेकंदात संपतो. ड्रायव्हरचं, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबचं, डोकं जेमतेम २०० ग्रॅमचं असतं. म्हणजे खेळाडूला जड वस्तू ढकलायची नसते. पायांनी जमिनीवर जोर द्यायचा, तो खुब्यातून, धडातून, खांद्यातून हातापर्यंत न्यायचा आणि हलक्या क्लबला प्रचंड वेग द्यायचा, हे सगळं पाव सेकंदात करायचं असतं. चांगल्या खेळाडूच्या पुढच्या पायाखालचा जोर त्या क्षणी त्याच्या वजनापेक्षाही जास्त भरतो. डळमळत्या चेंडूवर उभं राहिलं की स्नायूंचा बराचसा जोर तोल सांभाळण्यातच जातो, पाय जमिनीला जोरात ढकलूच शकत नाहीत. आणि गोल्फची जमीन तर हलत नाही! रबर बँडची अडचण वेगळी आहे. बँड जितका ताणला जाईल तितका त्याचा विरोध वाढतो, त्यामुळे हालचालीच्या शेवटी वेग पडतो. खऱ्या स्विंगमध्ये तर चेंडूपाशी पोहोचताना वेग सर्वाधिक हवा असतो.

म्हणून या पेशातलं खरं कसब दोन गोष्टींत आहे. ताकद आणि झपाटा कसा वाढवायचा, ही सगळ्या खेळांना लागू असलेली मूळ विद्या ही पहिली. समोरच्या माणसाचं शरीर नेमकं कुठे अडतंय आणि त्याचा स्विंगशी काय संबंध, हे ओळखणं ही दुसरी. वाढलेली ताकद स्विंगमध्ये उतरवण्याचं काम रेंजवरचा, म्हणजे चेंडू मारायच्या सरावाच्या मैदानावरचा, सराव करतो. जिममध्ये स्विंगची नक्कल करायची गरज नाही.

आता तुझ्या प्रशिक्षकांचं म्हणणं. ही भीती जुनी आहे. १९५० आणि ६०च्या दशकांत दक्षिण आफ्रिकेचा गोल्फपटू गॅरी प्लेअर वजनं उचलायचा तेव्हा बहुतेकांना ते गोल्फसाठी घातक वाटायचं. त्याने नऊ मेजर, म्हणजे गोल्फच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी, किताब जिंकले आणि १९६५ मध्ये चारही मेजर जिंकणाऱ्या मोजक्या खेळाडूंत जाऊन बसला. पुढे टायगर वूड्स आणि ॲनिका सोरेनस्टॅम यांच्यामुळे जिम हा व्यावसायिक गोल्फचा नेहमीचा भाग झाला. पूर्ण पल्ल्यात, म्हणजे सांधा जितका वाकतो तितका वाकवून केलेल्या वजनांच्या व्यायामाने लवचिकता कमी होत नाही, बरेचदा वाढते.

तरीही प्रशिक्षकांचं म्हणणं झटकून टाकू नकोस. काही वेळा ते बरोबर ठरतं. जड स्क्वॉटनंतर एक-दोन दिवस मांड्या दुखत असतात, त्या दिवसांत टायमिंग खरंच चुकतं. फक्त छाती आणि दंडाचे व्यायाम, तेही अर्ध्या पल्ल्यात, वर्षभर केले तर खांदे पुढे येतात आणि बॅकस्विंग, म्हणजे क्लब मागे नेणं, आखूड होतो. स्पर्धेच्या तोंडावर नवा कार्यक्रम सुरू करणं तर हमखास अंगाशी येतं. अमेरिकी गोल्फपटू ब्रायसन डिशाँबोने २०२० मध्ये वजन आणि ताकद झपाट्याने वाढवली आणि त्याच वर्षी यूएस ओपन जिंकली, म्हणून अनेक हौशी खेळाडू त्याच्यासारखं करायला जातात. त्याच्या मागे पूर्णवेळ तज्ज्ञांची फळी होती, हे ते विसरतात.

शरीर तपासणं हा या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो, आणि नवे ट्रेनर नेमका तोच घाईत उरकतात. गोल्फपटूंची सर्वांत जास्त तक्रार कंबरेची असते. कंबरेच्या पाच मणक्यांची रचनाच अशी आहे की ते पुढे-मागे छान वाकतात, पण पाचही मिळून एका बाजूला जेमतेम १० अंशांच्या आसपास वळतात. वळण्याचं खरं काम खुब्याचं आणि छातीच्या पातळीवरच्या पाठीचं. उजव्या हाताने खेळणारा माणूस डाउनस्विंगमध्ये डाव्या पायावर येतो तेव्हा त्याची मांडी खुब्यात आतल्या बाजूला फिरावी लागते. निरोगी खुबा असा साधारण ३५ ते ४५ अंश फिरतो. तो २० अंशांतच अडला तर उरलेलं वळण कंबरेतून ओढून काढलं जातं, आणि रेंजवर रोज दोनशे चेंडू मारणाऱ्याची कंबर ते फार काळ सोसत नाही. अशा माणसाला तू कोअरचे (पोट-कंबरेच्या स्नायूंचे) कितीही व्यायाम दिलेस तरी मूळ अडचण खुब्यातच राहील.

म्हणून आधी मोज. माणसाला पालथं झोपवून गुडघा ९० अंशांत वाकवायचा, पाऊल बाहेरच्या बाजूला सोडायचं आणि दोन्ही खुब्यांतला फरक टिपायचा. मोजताना कंबर एका बाजूला उचलली जात नाही ना, ते हाताने धरून पाहा, नाहीतर आकडा फसवा येतो. खुर्चीत बसवून, गुडघ्यांत उशी धरायला लावून धड दोन्हीकडे किती वळतं ते बघ. गुडघे न वाकवता पायाची बोटं शिवता येतात का, एका पायावर दहा सेकंद स्थिर उभं राहता येतं का, दोन्ही हात डोक्यावर सरळ नेताना कंबरेचा बाक वाढतो का, हेही पाहा. झपाट्यासाठी जागेवरून उंच उडी आणि ३ किलोचा मेडिसिन बॉल (व्यायामाचा वजनदार चेंडू) बाजूने फेकणं, दोन्हींचे तीन-तीन प्रयत्न घ्यायचे आणि त्यातला सर्वोत्तम नोंदवायचा. दर वेळी तोच बॉल, तोच वॉर्म-अप, शक्यतो दिवसाची तीच वेळ. नाहीतर सहा आठवड्यांनी आकडा बदलला तरी तो कशामुळे बदलला हे तुला सांगता येणार नाही.

तपासताना कुठे दुखलं तर तिथेच थांब. दुखण्याचं निदान ट्रेनरने करायचं नसतं. पायात उतरणारी कळ, मुंग्या किंवा बधिरपणा, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम सुरूच करायचा नाही, आधी डॉक्टरकडे पाठवायचं.

पुढचे बारा आठवडे तुझा पहिला अभ्यास तूच. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस, दिवसाआड. गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून उठाबशा), रोमेनियन डेडलिफ्ट (उभं राहून, पुढे वाकत बार मांड्यांवरून खाली नेऊन पुन्हा वर आणणं), पुश-अप, एका हाताने डंबेल रोइंग, साइड प्लँक, आणि दोन्ही हातांत वजन घेऊन ३० मीटर चालणं. चालणं आणि प्लँक सोडून प्रत्येकाचे तीन सेट, ८ ते १० रेप (एकेका सेटमधल्या आवृत्त्या). वजन असं निवड की सेट संपताना आणखी दोन-तीन रेप निघाले असते. सगळे रेप स्वच्छ आले तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढव. रोमेनियन डेडलिफ्टमध्ये नवखी मंडळी गुडघे वाकवून खाली जातात. तिथे नितंब मागे सरकायला हवेत, बार मांडीला घासत खाली यायला हवा आणि मांडीच्या मागे ताण जाणवायला हवा. ताण कंबरेत जाणवला तर वजन कमी कर आणि खाली जाणं गुडघ्याच्या जरा खालीच थांबव.

पाचव्या ते आठव्या आठवड्यात ताकद. ट्रॅप बार डेडलिफ्टचे (चौकटीसारख्या बारच्या आत उभं राहून वजन जमिनीवरून उचलण्याचे) चार सेट, पाच रेप, मध्ये दोन-तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती. स्प्लिट स्क्वॉट प्रत्येक पायावर सहा, पुल-अप किंवा लॅट पुलडाउन, डंबेल प्रेस. वॉर्म-अप झाल्यावर, जड व्यायामांच्या आधी, मेडिसिन बॉलच्या बाजूने फेकी, दोन्ही बाजूंना चार-चार, तीन सेट. फेकी आधी घ्यायच्या, कारण थकलेलं शरीर वेग शिकत नाही. इथली नेहमीची चूक म्हणजे ६-७ किलोचा बॉल उचलणं. फेक संथ होते, माणूस दंडाने फेकू लागतो. २ ते ४ किलो पुरे. मागचा पाय जमिनीला ढकलतो, मग खुबा वळतो, मग छाती, शेवटी हात, हा क्रम टिकला पाहिजे. आणि दोन्ही बाजूंनी फेक, कारण स्विंगनंतर शरीराला थांबवणारे स्नायूही तितकेच तयार हवेत.

शेवटच्या चार आठवड्यांत जड व्यायाम कमी पण वजन चढं ठेव, तीन रेपचे तीन सेट. त्याबरोबर उड्या, आणि आठवड्यातून दोनदा पूर्ण वेगाचे दहा-पंधरा स्विंग, प्रत्येकामध्ये अर्धा मिनिट विश्रांती. चेंडू कुठे गेला याचा विचार न करता क्लबहेड स्पीड रडारवर मोज. आकड्यांची कल्पना असावी म्हणून सांगते, पीजीए टूर या पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो, एलपीजीए या महिलांच्या स्पर्धांत ९५ च्या जवळपास. ताशी एक मैल वेग वाढला की चेंडू साधारण अडीच यार्ड लांब जातो, तोही नीट मध्यावर बसला तर. उद्या ग्राहक ‘तीस यार्ड वाढवून दे’ म्हणेल, तेव्हा हा हिशेब तोंडपाठ हवा, म्हणजे खोटं आश्वासन दिलं जाणार नाही.

स्पर्धांच्या काळात आठवड्याला दोन दिवस, अर्धा ते पाऊण तास पुरतो. सेट निम्मे कर, वजन फारसं उतरवू नकोस. फेरीच्या आधी दहा मिनिटं पाय झुलवणं, धड वळवणं, दोन-चार छोट्या उड्या आणि हळूहळू वाढवत नेलेले पाच-सहा स्विंग. टी-ऑफच्या, म्हणजे पहिल्या फटक्याच्या, ऐन आधी एकेक स्नायू मिनिट-मिनिट ताणून धरण्याची सवय अनेकांना असते. त्याने वेग कमी होतो, ते ताणणं संध्याकाळसाठी ठेवायचं.

अभ्यासक्रमांचा क्रम मात्र उलटा करू नकोस. आधी पदवी, आणि त्यात शरीररचना, जैवयांत्रिकी व व्यायामशास्त्र हे तीन विषय जीव ओतून. मग सर्वसाधारण स्ट्रेंथ अँड कंडिशनिंगची मान्यता. एनएससीए या अमेरिकी संस्थेची सीएससीएस ही स्ट्रेंथ ट्रेनरची परीक्षा जगभर ओळखली जाते. तिला पदवी आणि सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावरच्या प्रथमोपचारांचं) चालू प्रमाणपत्र लागतं, आणि परीक्षेचे शास्त्र व प्रत्यक्ष उपयोग असे दोन भाग असतात. पदवीविषयीचे नियम कडक होत चालले आहेत, म्हणून आपली पदवी चालते का हे तिसऱ्या वर्षाच्या आधीच संस्थेला लिहून विचार. त्यानंतर टीपीआयच्या (टायटलिस्ट परफॉर्मन्स इन्स्टिट्यूटच्या) गोल्फ-फिटनेस प्रमाणपत्राची पहिली पातळी. ग्रेग रोझ आणि डेव्ह फिलिप्स यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही संस्था शरीरातली अडचण आणि स्विंगमधला दोष यांचा संबंध वाचायला शिकवते. ते फार उपयोगी आहे, पण तिथे कुणी तुला डेडलिफ्ट शिकवत बसणार नाही. गोल्फचं प्रमाणपत्र आधी आणि मूळ विद्या नंतर असं केलं, की ट्रेनर वीस दोष शोधतो आणि एकही दुरुस्त करू शकत नाही.

आई-बाबांची काळजी निम्मी खरी आहे. टूरवरच्या खेळाडूंबरोबर काम करणाऱ्यांच्या जागा थोड्या आहेत आणि त्या ओळखीपाळखीतून भरतात. पण या कामाचा मोठा ग्राहक टूरवर नसतो. तो पंचेचाळीस ते पासष्टच्या वयाचा हौशी खेळाडू असतो, दिवसभर खुर्चीत बसणारा, ज्याला कंबर न दुखता अठरा होल चालायचे असतात. आठ-दहा किलोमीटर चालणं आणि चार-पाच तास उभं राहणं त्याच्या पायांना झेपत नाही, म्हणून शेवटच्या चार होलवर त्याचा खेळ कोसळतो. त्याच्याखेरीज अकादमीतली मुलं, विद्यापीठांचे संघ, फिजिओथेरपीची केंद्रं आहेत. शिवाय मूळ विद्या पक्की असेल तर टेनिस, क्रिकेट, पोहणं, कुठेही काम मिळतं. गोल्फ हे तुझं खास अंग राहील, पण पहिली दोन वर्षं पोट भरणारं काम बहुधा दुसरीकडूनच येईल. उत्पन्न हंगामाप्रमाणे वर-खाली होतं, हे घरी मोकळेपणाने सांग.

पदवी पूर्ण होईपर्यंत एखाद्या अनुभवी ट्रेनरच्या हाताखाली काम कर, तेही गोल्फच्याच ठिकाणी हवं असा हट्ट न धरता. दोन-तीन हौशी खेळाडूंना त्याच्या देखरेखीखाली बारा आठवडे शिकव आणि त्यांच्या परवानगीने, नाव न लिहिता, नोंदी ठेव : सुरुवातीचे आकडे, काय दिलं, काय बदललं, काय जमलं नाही आणि का. मुलाखतीत अशी वही पाच प्रमाणपत्रांपेक्षा जास्त बोलते.

तुझा हँडिकॅप ११ असणं ही जमेची बाजू आहे, कारण प्रशिक्षकांशी तू त्यांच्या भाषेत बोलू शकतेस. फक्त स्विंग बदलायला जाऊ नकोस, ते त्यांचं काम. ‘स्विंग चुकतोय’ म्हणण्यापेक्षा ‘डावा खुबा उजव्यापेक्षा १५ अंश कमी फिरतोय, सहा आठवडे त्यावर काम करते’ असं सांग. सुरुवात तुझ्या स्वतःच्या प्रशिक्षकांपासून कर. बारा आठवड्यांचा हा आराखडा त्यांना दाखव, येत्या काळात तुझ्या तंत्रात ते काही बदल करणार आहेत का ते विचार, आणि त्या आठवड्यांत जड व्यायामाचे दिवस हलके कर. पहिला महिना तरी व्यायाम रेंजवर जाण्याआधी नको, रेंजवरून आल्यानंतरच कर.