ॲग्रो की फार्मा? आधी हात बसू दे
अरे, नवीन कंपाउंड बनवायचं काम ॲग्रोत (शेतीची रसायनं) करू की फार्मात (औषधं), हा तुझा प्रश्न आत्ता डोक्यातून काढ, केमिस्ट्री तीच असते रे. फ्लुकोनॅझोल हे औषध आणि टेब्युकोनॅझोल हे पिकावरचं बुरशीनाशक, दोन्हीत ट्रायझोल रिंग (तीन नायट्रोजन असलेलं पाच अणूंचं कडं) आणि दोन्ही बुरशीचं एर्गोस्टेरॉल (तिच्या पेशीच्या आवरणातला घटक) बनवणारं एकच एन्झाइम अडवतात. फरक पुढे पडतो, शेतातल्या कंपाउंडला ऊन-पाऊस-माती सोसावी लागते आणि ते टनांनी स्वस्तात बनावं लागतं, म्हणून लांबलचक रूट (बनवायच्या खूप पायऱ्या) सहसा परवडत नाही. औषधात पहिल्या टेस्टला काही मिलिग्रॅम शुद्ध माल पुरतो.

मी सुरुवातीला टीएलसीवर (मिश्रणातले घटक प्लेटवर वेगळे करून बघायची चाचणी) बेसलाइनजवळचा, म्हणजे नमुना ठेवतो त्या रेषेजवळचा, फिकट डाग सोडून दिला, तीच इम्प्युरिटी निघाली, तीन आठवडे गेले. प्लेट यूव्हीखाली बघून झाली की स्टेनमध्येही (यूव्हीत न दिसणारे डाग दाखवणारं द्रावण) बुडव, आणि फसलेली रिॲक्शनसुद्धा त्याच दिवशी नोटबुकात लिही.