लहानपणीच्या कार्टूनवर सिनेमा आलाय. आधी कार्टून पुन्हा बघून जावं का, आणि असे सिनेमे फसल्यासारखे का वाटतात? की हा नुसता नॉस्टॅल्जिया?

बघून जा, पण सगळं नको आणि आदल्या रात्री तर नकोच. दोन भाग पुरेत. एक पहिला, आणि दुसरा असा की ज्यात त्या दुनियेचे नियम कळतात: कोणाला काय जमतं, कशामुळे अडतं. तेही आठवडाभर आधी. आदल्या रात्री बघितलं की थिएटरात बसून तुम्ही शॉटला शॉट जुळवत राहता, आणि त्या खेळात सिनेमा हरणारच.

'नॉस्टॅल्जिया' या शब्दावर मात्र माझं डोकं फिरतं. सिनेमा फसला की कोणीतरी हमखास म्हणतं, "तू मोठा झालास, कार्टून पण तसंच बालिश होतं." हा वाद मला एकदाचा निकालात काढायचाय, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

२०१० चा 'द लास्ट एअरबेंडर' घ्या. मूळ मालिका २००५ ते २००८ मधली, ६१ भागांची. पाणी, माती, अग्नी, हवा ही चार तत्त्वं, आणि काही लोकांना आपापलं तत्त्व अंगाच्या हालचालीने हलवता येतं. प्रत्येक तत्त्वाला चिनी युद्धकलेची वेगळी शैली दिली होती: पाण्याला ताई ची, हवेला बाग्वा, अग्नीला उत्तरेकडचं शाओलिन, मातीला हुंग गार. हुंग गारमध्ये पाय रुंद, बैठक खाली, सगळा भार जमिनीत. म्हणून मातीवाला टाच आपटतो तेव्हा दगड उसळतो, मूठ मारतो तेव्हा तो सुटतो. हालचाल एक, परिणाम एक. हे लहान पोराला समजावून सांगावं लागत नाही, चार-दोन भागांत अंगात मुरतं.

पहिल्या पर्वात या मातीवाल्यांच्या कैदेचा एक भाग आहे. अग्निराष्ट्राने त्यांना ठेवलंय कुठे, तर भर समुद्रात, पूर्ण लोखंडी बांधकामावर. मातीचा कण नाही. तुरुंगाची भिंत म्हणजे तो समुद्रच. नायकाची मैत्रीण कटारा त्यांना चेतवायला भाषण करते, कोणी ढिम्म हलत नाही. मग लक्षात येतं की या तळाची भट्टी कोळशावर चालते, आणि कोळसा म्हणजे शेवटी जमिनीतलाच दगड. झरोक्यांच्या नळीतून कोळशाचा ढीग वर आणून टाकला जातो. तरीही कोणी पुढे होत नाही. तुरुंगाधिकारी हसून पाठ फिरवतो आणि त्याच्या डोक्यावर एक खडा येऊन आदळतो. बस्स, तिथून लढाई पेटते. तेवीस मिनिटांत कारण, अडचण, उपाय आणि भीती, सगळं जागच्या जागी.

सिनेमात हेच कैदी उघड्या जमिनीवर आहेत. चहूबाजूंना माती, दगड, डोंगर. नायक येऊन त्यांना सांगतो की तुमच्या पायाखालीच तर माती आहे! मग पाच-सहा जण एका तालात पाय आपटतात, हात फिरवतात, पुन्हा आपटतात, आणि या सगळ्या कवायतीनंतर एक दगड तरंगत तरंगत पडद्यावरून जातो. एवढ्या वेळात समोरच्याने जवळ येऊन कानाखाली वाजवली असती.

आता सांगा, यात नॉस्टॅल्जिया कुठे आला? मालिकेचं नावही न ऐकलेल्या माणसाला हाच प्रश्न पडेल: मग इतके दिवस हे लोक गप्प का बसले होते?

अग्नीचंही तेच. मालिकेत अग्नी श्वासातून निघतो, म्हणून ते लोक भयंकर. सिनेमात साध्या अग्निवाल्याला जवळपास आधीच पेटलेली आग लागते. म्हणजे मशाल विझवली की सैनिक निकामी. असं राष्ट्र जग जिंकायला निघालंय, यावर कोण विश्वास ठेवणार?

हे होतं कशामुळे, तर कात्रीमुळे. पहिल्या पर्वाचे २० भाग, प्रत्येकी सुमारे २३ मिनिटं, म्हणजे ४६० मिनिटं. सिनेमा १०३ मिनिटांचा. साडेचार मिनिटांतलं एक मिनिट ठेवायचं म्हटलं की लेखक घटना वाचवतो आणि कारण कापतो, कारण घटना ट्रेलरमध्ये दिसते. कैद राहिली, समुद्र गेला. कोळसा गेला. आणि कापलेली कारणं भरून काढायला पात्रं एकमेकांना माहीत असलेल्याच गोष्टी सांगत बसतात.

चेहऱ्याचा दोष त्यामानाने हलका. 'सॉनिक' या व्हिडिओ गेमवरच्या सिनेमाच्या एप्रिल २०१९ च्या ट्रेलरमध्ये त्या निळ्या प्राण्याचे माणसासारखे दात आणि बारीक, सुटे डोळे बघून लोक भडकले. प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० ला ढकललं, चेहरा नव्याने केला, काम झालं. पण खऱ्याखुऱ्या जनावराचा चेहरा हवा असा हट्ट असेल तर मात्र उपाय नाही. १९९४ च्या 'लायन किंग'मध्ये बाप गेल्यावर छाव्याच्या भुवया, बुबुळं, ओठ सगळं रडतं. २०१९ च्या आवृत्तीत छावा हुबेहूब सिंहाचा, आणि सिंहाला रडायला लागणाऱ्या भुवयाच नसतात. आवाज फुटतो, तोंड कोरं. विनोदाचंही तसंच. चित्रातलं पात्र धक्का बसल्यावर बारा फ्रेम, म्हणजे अर्धा सेकंद, एकाच पोजमध्ये गोठवता येतं. नट तसा गोठला की हसू येत नाही, चित्रपट अडकलाय असं वाटतं.

तिकीट काढण्याआधी ट्रेलरमध्ये दोन गोष्टी बघा. एक, पात्र एका सलग शॉटमध्ये निदान चार-पाच सेकंद बोलताना दिसतं का, की नुसतं धावतंय आणि वर संगीत. दोन, शक्ती वापरण्याची जागा थांबवून बघा: हालचाल आणि परिणाम यांत किती वेळ जातो. लांबण लागली असेल तर पुढचं मी वर सांगितलंच आहे. शिवाय सिनेमा नेमका कोणत्या आवृत्तीवरून निघालाय तेही तपासा. दूरदर्शनवरचा मोगली ही १९८९ ची जपानी मालिका, ५२ भागांची, आणि तिच्यातला 'का' नावाचा अजगर शहाणा मित्र आहे. २०१६ चा सिनेमा १९६७ च्या डिस्नेपटाच्या वळणाचा, तिथे 'का' मोगलीला गिळायला टपलेली. "आमचा 'का' अजगर बिघडवला" म्हणून चिडणारे बरेच भेटतात. किपलिंगच्या १८९४ च्या पुस्तकातही तो मित्रच, त्यामुळे चिडायला हरकत नाही, फक्त योग्य माणसावर, म्हणजे १९६७ च्या डिस्नेवर, चिडा.

डब की मूळ? लहानपणी ज्या भाषेत बघितलं त्या भाषेत. २०१६ च्या हिंदी डबमध्ये शेरखानला पुन्हा नाना पाटेकरांचाच आवाज होता, आणि अर्ध्या प्रेक्षकांचं काम तिथेच झालं. नावांचे उच्चारही बघा: 'एअरबेंडर'मध्ये नायक ॲंगचा ऑंग आणि त्याचा मित्र सॉकाचा सोका केला, आणि दर दोन मिनिटांनी ते कानाला टोचतं.

थ्रीडी टाळा, विशेषतः टूडीत चित्रित करून नंतर थ्रीडी केलेला. टूडीला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्याचा उजेड मोजायचं एकक) उजेड हे मानक आहे, थ्रीडी चष्म्यातून त्यातला साधारण साडेतीन ते साडेचारच डोळ्यांपर्यंत येतो. रात्रीचे प्रसंग म्हणजे मग नुसता काळोख. 'एअरबेंडर' तसाच नंतर थ्रीडी केलेला होता.

आता थोडं पडतं घेतो. त्याच सिनेमाचं जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत आणि शेवटची पाण्याची भिंत चांगली आहे. वेळ वाढवला की सगळं सुटतं असंही नाही. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर खऱ्या नटांना घेऊन त्याच पहिल्या पर्वाचे आठ लांब भाग निघाले, तरी पात्रं माहिती सांगत बसण्याची खोड गेली नाही. आणि तुमच्याबरोबर कार्टून न बघितलेलं कोणी येणार असेल तर त्याला आधी काहीच दाखवू नका. मध्यंतरात फक्त त्या कैद्यांच्या धर्तीचा एक प्रश्न विचारा, "हे लोक आधीच का पळाले नाहीत?" त्याला उत्तर देता आलं, तर सिनेमा ठीक आहे, कुरकुर तुमची. नाही आलं, तर मला सांगा. या वादात मला एक साक्षीदार हवाच आहे.