दुसऱ्या महायुद्धात जपान्यांना नवाहो या अमेरिकेतल्या आदिवासी जमातीच्या भाषेतले संदेश का फोडता आले नाहीत? आपल्या बोलीही तशा वापरता येतील का?

सतरा वर्षं वायरलेस सेटवर काढली, म्हणून दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो.

एका लष्करी सरावात मी आणि माझा जोडीदार, दोघंही खानदेशातले. रात्री सांकेतिक शब्दांचा तक्ता काढून शब्द लावत बसायचा त्याला कंटाळा. मी नको म्हणत असताना त्याने पलीकडच्या सेटवरच्या गाववाल्याला सरळ अहिराणीत सांगून टाकलं, गाड्या कुठल्या नाल्यात लपवल्यात ते. म्हणे, समोर सगळे पंजाबी नि तमिळ, कुणाला कळतंय? समोर धुळ्याचा एक पोरगा कान लावून बसला होता. उजाडायच्या आत सगळ्या गाड्या त्यांच्या ताब्यात. आजही लग्नकार्यात भेटला की माझा जोडीदार म्हणतो, नशीब खोटं, नवाहोंनी हेच तर केलं होतं.

नाही केलं! १९४२ साली अमेरिकेच्या मरीन दलात घेतलेल्या पहिल्या २९ नवाहोंनी स्वतःच्या भाषेवर दुसरं कुलूप घातलं. कासव म्हणजे रणगाडा, लोखंडी मासा म्हणजे पाणबुडी, बटाटा म्हणजे हातबॉम्ब. गावाचं नाव सांगायचं तर अक्षरागणिक शब्द: मुंगीला इंग्रजीत 'अँट', म्हणून 'ए'साठी नवाहोतली मुंगी. नेहमी लागणाऱ्या अक्षरांना पुढे पर्यायी शब्दही दिले, म्हणजे कुठला शब्द किती वेळा येतो ते मोजूनही शत्रूला पत्ता लागू नये. सगळं तोंडपाठ, आघाडीवर कागद न्यायचा नाही.

जो कीयूमिया हा नवाहो सैनिक फिलिपिन्समध्ये जपान्यांच्या कैदेत होता. हाल हाल करून त्याला संदेशांचा अर्थ विचारला. शब्द त्याच्या मायबोलीतले, पण अर्थ त्यालाही लागेना. माझ्या जोडीदाराने याचं उत्तर आजवर दिलेलं नाही.

इवो जिमा या जपानी बेटावरच्या लढाईत पहिल्या दोन दिवसांत सहा नवाहोंनी ८०० हून जास्त संदेश हाताळले, एकही चूक न करता. शाळेत नवाहो बोलल्याबद्दल शिक्षा भोगलेली पोरं होती त्यांच्यात.

भाषेचा वाटा नव्हता असं नाही. नवाहो येणारे बाहेरचे लोक मोजके होते. अहिराणी लाखो लोक बोलतात, गाणीसुद्धा घरोघर वाजतात.

बोली वापरायचीच तर आधी तक्ता पाठ हवा. त्या रात्री त्याने नाल्याला नुसतं दुसरं नाव ठरवून ठेवलं असतं, तरी गाड्या वाचल्या असत्या.