मावा सुटत नाही, म्हणजे भावाचं मन कमकुवत आहे का?

तुम्ही विचारलंय, सोलापुरात लूमवर रात्रपाळी करणारा भाऊ तीनदा मावा (सुपारी-तंबाखू-चुन्याचं मिश्रण) सोडून परत का खातो? मन कमकुवत, की मेंदूचा आजार? मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात.

निकोटिन मेंदूला पकडतं, यात वाद नाही. पण तेवढंच असतं तर व्हिएतनामचं काय? तिथल्या युद्धात बरेच अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ मध्ये परतलेल्यांचा अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी मागोवा घेतला. तिकडे व्यसन जडलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले जेमतेम ५ टक्के. जागा बदलली, सोबत बदलली. (तंबाखू टपरीटपरीवर मिळते, म्हणून इथे इतकं सोपं नाही, हेही खरं.)

मीही लूमवर होतो. पहाटे तीनला डोळे मिटतात, धागा तुटला की माग थांबतो. खडखडाटात काही ऐकू येत नाही, पण शेजारचा प्लॅस्टिकच्या कागदात सुपारी-तंबाखू-चुना घासताना दिसला की तोंडाला पाणी! ती तल्लफ मी ‘ठरवून’ कशी थांबवणार होतो? दिवसपाळी मिळाली तेव्हा सुटला.

त्यामुळे शपथा घालू नका. पाळी बदलते का बघा, खिशात भाजलेले शेंगदाणे द्या, १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर त्यालाच बोलू द्या. आणि तोंड पूर्ण उघडत नसेल, तर आधी दाताच्या डॉक्टरला दाखवा. ते सुपारीमुळे होऊ शकतं.