वायर कापायच्या आधी विचारा

मागच्या अंकात सहज लिहिलं होतं की गाडीच्या स्टीरिओबद्दल काही अडलं असेल तर कळवा, आणि तेव्हापासून मेसेज थांबलेले नाहीत. बहुतेकांचं दुखणं एकच, खिशातला फोन आणि डॅशबोर्डवरचा स्टीरिओ यांचं एकमेकांशी जमत नाही. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, जे प्रश्न परत परत येतायत तेवढे घेतलेत. मी गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा माणूस, त्यामुळे उत्तरंही त्याच भाषेत मिळतील.

प्रश्न (कोथरूड): काका, गाडी २०१२ ची आहे, इंजिन अजून मस्त आहे म्हणून विकायची नाही. नाना पेठेत एका दुकानात गेलो तर ते म्हणाले नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन टाका, फोनचं सगळं त्यात येतं. मुलगी म्हणते तिला अँड्रॉइड ऑटो पाहिजे. दोन्ही एकच ना?

उत्तर: नाही हो, एकच नाही, आणि नावं सारखी असल्यामुळे यात रोज कुणी ना कुणी फसतं. अँड्रॉइड स्क्रीन म्हणजे डॅशबोर्डवर बसवलेला टॅबलेटच समजा. त्याचा स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची रॅम, स्वतःची ॲप्स, इंटरनेटसुद्धा त्याला वेगळं द्यावं लागतं. स्वस्तातल्या स्क्रीनमध्ये एक-दोन जीबी रॅम असते, सुरुवातीला बरं चालतं आणि मग मॅप उघडेपर्यंत सिग्नल सुटून मागचे हॉर्न सुरू होतात. अँड्रॉइड ऑटोत मात्र सगळं काम तुमच्या फोनमध्येच होतं, फोन त्याचं चित्र तेवढं गाडीच्या स्क्रीनवर पाठवतो आणि तुम्ही स्क्रीनला बोट लावलंत की ते परत फोनला कळतं. आयफोनवाल्यांसाठी हेच काम कारप्ले करतं. कारप्ले आलं २०१४ साली, अँड्रॉइड ऑटो २०१५ साली. याचा मोठा फायदा म्हणजे तीन वर्षांनी फोन बदललात की गाडीतली सिस्टीमही त्याच्याबरोबर नवी होते, स्टीरिओ जुना झाला तरी चालतं.

म्हणून मुलीचं ऐका. काही अँड्रॉइड स्क्रीनमध्ये अँड्रॉइड ऑटोही दिलेलं असतं, पण ते दुकानात उभं राहून स्वतःचा फोन लावून, मॅप चालू करून, गाणं लावून, एक फोन करून बघा, नुसत्या खोक्यावरच्या चित्रावर जाऊ नका. आणि हो, जाण्याआधी डॅशबोर्डचा खाचा मोजा. डिन हे स्टीरिओच्या खाच्याचं ठरलेलं माप, सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. सिंगलच्या जागेत डबल बसवायला कुणी प्लास्टिक कापायला निघालं तर तिथूनच परत या. तुमच्या गाडीच्या मॉडेलची फ्रेम आणि कपलर (वायरी न कापता जोडायचा तयार प्लग) मिळतो, तो थोडा महाग पडतो पण कंपनीची एकही वायर न कापता स्टीरिओ बसतो आणि उद्या काढायचा म्हटला तर जुना जसाच्या तसा परत लागतो. हे मी कळकळीने सांगतोय कारण कापलेल्या वायरी, त्यावर गुंडाळलेली टेप आणि उन्हाने तिचा झालेला चिकट लगदा हे माझ्या टेबलावर दर आठवड्याला येतं.

प्रश्न (हडपसर): नवीन स्टीरिओ बसवला. गाडी बंद केली की रेडिओची सेट केलेली स्टेशनं जातात, ब्लूटूथला फोन परत जोडावा लागतो, घड्याळ पण शून्यावर. बसवणारा म्हणतो सेटच तसा आहे.

उत्तर: सेट तसा नाहीये. स्टीरिओला करंट दोन वाटांनी जातो. पिवळी वायर बॅटरीवरून कायम चालू असते, तिच्यावर सेटची आठवण टिकते. लाल वायर चावी फिरवल्यावर चालू होते, ती सेटला उठवते. काळी म्हणजे अर्थ, करंट परत जायची वाट. तुमच्या गाडीत पिवळी आणि लाल यांची अदलाबदल झालीय किंवा दोन्ही चावीच्या लाइनवर दिल्यात, त्यामुळे चावी काढली की सेटचा श्वासच बंद होतो. हे रंग स्टीरिओच्या बाजूचे झाले, गाडीच्या बाजूचे रंग प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून पिवळीला पिवळी जोडून चालत नाही, मीटर (करंट तपासायचा मल्टिमीटर) लावून बघावंच लागतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, त्याच माणसाकडे जा आणि शांतपणे मीटर लावायला सांगा.

याचंच उलटं दुखणं वाकडच्या एका ताईंनी कळवलंय, गाडी तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. ताई, तुमच्याकडे बहुधा दोन्ही वायरी कायम चालू लाइनवर दिल्यात, म्हणजे सेट रात्रभर जागाच. गाडी बंद करून, लॉक करून, अर्धा तास थांबून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीत मध्ये मीटर लावला तर साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत करंट दिसायला हवा, त्याहून बराच जास्त असेल तर स्टीरिओचा फ्यूज काढून परत मोजा, फरक लगेच कळेल.

प्रश्न (सिंहगड रोड): काका, मी रोज हिंजवडीला जाते. अँड्रॉइड ऑटो केबलने लावते पण प्रत्येक स्पीडब्रेकरला डिसकनेक्ट होतं. फोन नवा आहे. वायरलेस ॲडॉप्टर घेऊ का?

उत्तर: अगं, पैसे घालवायच्या आधी एक कर. घरी आल्यावर उजेडात फोनचं चार्जिंग होल बघ. आत लव किंवा धूळ अडकली असेल तर ती लाकडी टूथपिकने, फोन बंद करून, हलक्या हाताने कडेकडेने काढ, धातूची पिन अजिबात घालू नकोस. मागच्या आठवड्यात एका मुलाच्या फोनमधून माझ्यासमोर जीन्सच्या खिशातली निळी लव निघाली, दाबून दाबून तिची अगदी वडी झाली होती, केबल पूर्ण आत जातच नव्हती, खड्डा आला की जरा हलायची आणि संबंध तुटायचा. ती वडी निघाल्यावर केबल टक् करून बसली, तो आवाज आला की समज झालं.

तरी नाही थांबलं तर केबल बदल. फोनबरोबर आलेली किंवा चांगल्या कंपनीची, डेटा जाणारी आणि एक मीटरपेक्षा छोटी. बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, फोन चार्ज होतो पण स्क्रीनवर काहीच येत नाही आणि लोक स्टीरिओला शिव्या देतात. वायरलेस ॲडॉप्टर वाईट नाही, फक्त तो चालायला गाडीत केबलवालं अँड्रॉइड ऑटो आधीपासून असावं लागतं आणि फोनमध्ये अँड्रॉइड ११ किंवा पुढचं. त्यात ब्लूटूथ फक्त ओळख करून देतं, पुढचं सगळं वायफायवर जातं, म्हणून फोन तापतो आणि बॅटरी खातो. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास म्हणजे केबलच बरी असं माझं मत.

प्रश्न (धायरी): ऑक्सने (हेडफोनच्या पिनसारख्या वायरीने) गाणी लावली की रेस दिल्यावर स्पीकरमधून कुईं असा आवाज येतो.

उत्तर: फोन चार्जरला लावलेला असतानाच येतो ना? चार्जर काढून बघा, आवाज गेला तर फोन चार्जरकडूनही अर्थ घेतोय आणि ऑक्सच्या वायरीतूनही, त्या दोन अर्थांच्या मध्ये अल्टरनेटरचा (इंजिनवर चालणाऱ्या, गाडीला वीज देणाऱ्या यंत्राचा) आवाज शिरतोय. ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून छोटी डबी मिळते, ती ऑक्सच्या वायरीत मध्ये लावायची. चार्जर न लावताही येत असेल तर स्टीरिओच्या काळ्या वायरीचा स्क्रू गंजलाय का बघा.

प्रश्न (सदाशिव पेठ): आईसाठी प्रवचनाचे ४० भाग पेन ड्राइव्हवर घातले, गाडीत ते वाटेल त्या क्रमाने लागतात आणि नावांच्या जागी चौकोन दिसतात.

उत्तर: चौकोन येतात कारण तुमच्या सेटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत, फाइलची आणि आतल्या टॅगची (फाइलमध्येच लिहिलेल्या गाण्याच्या, गायकाच्या माहितीची) नावं इंग्रजी अक्षरांत करा. क्रमासाठी आकडे ०१, ०२, ०३ असे टाका, नुसते १, २, ३ नको, नाहीतर एकनंतर दहा लागतो. आता गंमत अशी की बरेच जुने सेट नाव बघतच नाहीत, ज्या क्रमाने फाइल पेन ड्राइव्हवर गेली त्या क्रमाने वाजवतात. म्हणून ड्राइव्ह फॅट-३२ या प्रकारात फॉरमॅट करा आणि फाइली एकेक करून, पहिलीपासून चाळीसावीपर्यंत टाका. अर्धा तास जातो खरा, पण आईंना मग सगळं प्रवचन सलग ऐकता येतं.

प्रश्न (औंध): नवीन स्क्रीनवर चालत्या गाडीत व्हिडिओ दिसत नाही. दुकानदार म्हणाला एक वायर बदलून करून देतो. करू का?

उत्तर: करू नका. स्टीरिओला पार्किंग ब्रेकची एक बारीक वायर असते, हँडब्रेक ओढला तरच व्हिडिओ दिसावा म्हणून. ती थेट अर्थला जोडली की सेटला वाटतं गाडी कायम उभीच आहे. माझ्याकडे हे करून मागणाऱ्याला मी नाही म्हणतो, ओळखीचा असला तरी, गिऱ्हाईक गेलं तरी. कात्रजच्या बोगद्यातून उतारावर शंभर मीटर जायला किती वेळ लागतो ते बघा आणि तेवढा वेळ तुमची नजर स्क्रीनवर होती असं समजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातात फोन वापरणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्येच घातलंय, २०२० मध्ये नियमात सूट दिली ती फक्त रस्ता बघण्यापुरती, तीही लक्ष न ढळता. तेव्हा पत्ता टाकायचा, गाणी लावायची, ते सोसायटीच्या गेटमध्येच. ताम्हिणीकडे निघाला असाल तर मॅप ऑफलाइन डाउनलोड करून घ्या, घाटात नेटवर्क जातं आणि लोक नेमके वळणावर फोन हातात घेतात.

प्रश्न (येरवडा): बाबांचा जुना आयपॉड क्लासिक आहे. ते मागच्या वर्षी गेले. आमच्या जुन्या गाडीत तो ऑक्सने लागायचा, नवीन गाडीत ऑक्सच नाही, फक्त टाइप-सी. गाणी त्यांनी स्वतः सीडीवरून भरली होती, ज्या कॉम्प्युटरवर भरली तो आता नाही. काही करता येईल का?

उत्तर: करता येईल, फक्त घाई करू नका. सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा की दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर आयट्यून्स (ॲपलचं आयपॉडमध्ये गाणी भरायचं सॉफ्टवेअर) विचारू शकतं की हा आयपॉड पुसून सिंक करू का. तिथे कॅन्सलच करायचं. एक चुकीचं बटण आणि सगळं जाईल.

आयपॉड क्लासिकला जुनी रुंद ३० पिनची केबल लागते, २०१२ पासून ॲपलने नव्या फोनमध्ये तो सॉकेट बदलला, पण तापकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, विचारून बघा. आयपॉड बराच वेळ पडून असेल तर तासभर चार्ज होऊ द्या. मग मेन्यू आणि मधलं बटण एकत्र दाबून धरा, सफरचंद दिसलं की लगेच मधलं आणि प्ले दाबून धरा, तो डिस्क मोडमध्ये जातो आणि कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखा दिसतो. आता कॉम्प्युटरवर लपवलेली फोल्डर दाखवा हा पर्याय चालू करा. आयपॉड कंट्रोल नावाचं फोल्डर दिसेल, त्यात म्युझिक, आणि त्यात एफ-००, एफ-०१ अशी ओळीने फोल्डर. आतल्या फाइलींची नावं चार अक्षरी, निरर्थक दिसतील, घाबरू नका. गाण्याचं आणि गायकाचं नाव फाइलच्या पोटात टॅगमध्ये आहे, बाबांनी लिहिलं असेल तसंच. अख्खं म्युझिक फोल्डर एकदम कॉपी करा, दोन ठिकाणी ठेवा. आयपॉडमध्ये छोटी फिरणारी हार्ड डिस्क असते, वय झालेली डिस्क किती वेळा साथ देईल सांगता येत नाही, म्हणून पहिल्याच बैठकीत सगळं काढून घ्या. आयपॉड मॅकवर भरलेला असेल तर विंडोजला तो वाचता येणार नाही, कुणाचा तरी मॅक घ्या.

नंतर एमपीथ्रीटॅग नावाचं, विंडोजवर फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टॅगवरून फाइलींना नावं देतं. सीडीवरून भरलेली गाणी बहुधा एमपीथ्री किंवा एमफोरए असतील, त्यांना लॉक नसतं. एमफोरए काही सेट वाचत नाहीत, आधी एकच फाइल गाडीत लावून बघा. टाइप-सीचा पेन ड्राइव्ह मिळतो, फक्त गाडीत ज्या पोर्टवर फोनचं किंवा गाण्याचं चिन्ह आहे त्यातच लावा, बाकीचे बहुधा नुसते चार्जिंगचे असतात.

टॅग बघताना एक करा, स्पेलिंग चुकलेली दिसतील, कुठे गायकाच्या जागी गाणं लिहिलेलं असेल, ते दुरुस्त करत बसू नका, आणि करायचंच असेल तर मूळ कॉपी तशीच राहू द्या. आयपॉड कोरड्या जागी ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करत जा. केबल नाहीच मिळाली तर कळवा, माझ्याकडे एक आहे.