टेक्सासला निघण्यापूर्वी रजेचा हिशेब

वाळूज एमआयडीसीतील नोकरी सोडून ह्यूस्टनला निघण्याच्या बेतात असताना तुम्ही मला दोन गोष्टी विचारल्या आहेत: अमेरिकेत सहकारी आपली पगारी रजा गंभीर आजारी माणसाला दान करतात हे खरे आहे काय, आणि औशाजवळ गावी राहणाऱ्या आईच्या उपचारांसाठी अचानक यावे लागले तर त्या दानावर विसंबता येईल काय. पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दुसऱ्याचे, माझ्या मते, नाही असे आहे. मी मूळचा उदगीरचा असून बरीच वर्षे टेक्सासमध्ये नोकरी करतो, त्यामुळे इकडची रीत आणि तिकडची अपेक्षा या दोन्हींची मला कल्पना आहे.

मुळात रजादानाची गरज का पडते, हे आधी समजून घ्यावे. खासगी नोकरदाराला आजारपणाची पगारी रजा द्यावीच, असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा अमेरिकेत नाही. १९९३ चा कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा, ज्याला सगळे ‘एफएमएलए’ म्हणतात, वर्षात १२ आठवड्यांपर्यंत नोकरी राखून ठेवतो, पण ती रजा बिनपगारी असते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत आजारी कामगाराला राज्याच्या विमा योजनेतून भत्ता मिळतो. टेक्सासमध्ये तशी योजना नाही. तुमच्या कारखान्यातील ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, असलेल्या कामगाराला अटी पूर्ण केल्यास वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, तेवढीही सरकारी हमी ह्यूस्टनच्या अभियंत्याला नसते, हे ऐकून गावाकडची मंडळी चकित होतात. ही पोकळी भरून काढण्यासाठी रजादान आले आहे. तो हक्क नव्हे, कंपनीने स्वेच्छेने चालवलेली सोय आहे, आणि अनेक कंपन्यांत ती नसतेही.

जिथे ती असते, तिथे साधारण रीत अशी असते की आजारी कर्मचाऱ्याने प्रथम स्वतःची सगळी पगारी रजा संपवायची, डॉक्टरांचे प्रमाणपत्र द्यायचे आणि मग मनुष्यबळ विभाग इतरांना आवाहन करतो. दान कधी थेट त्या व्यक्तीच्या खाती जाते, तर कधी कंपनीच्या सामाईक रजा-पेढीत जमा होते. काही ठिकाणी तासाला तास दिला जातो. काही ठिकाणी देणाऱ्याच्या पगाराने तासांचे डॉलर करून घेणाऱ्याच्या पगाराने पुन्हा तास काढले जातात, म्हणून व्यवस्थापकाचा एक तास मदतनिसाचे दोन-तीन तास होऊ शकतो. कराचा नियम मात्र ठरलेला आहे: वैद्यकीय आपत्तीसाठीच्या अशा योजनेत देणाऱ्यावर कर पडत नाही, पण त्याला वजावटही मिळत नाही, आणि घेणाऱ्याला मिळालेली रक्कम पगारच समजून तिच्यावर कर कापला जातो. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी १९८८ च्या कायद्याने ही व्यवस्था सुरू झाली. तिथे वर्षभरात मिळणाऱ्या रजेच्या निम्म्याहून अधिक रजा सहसा देता येत नाही आणि स्वतःच्या थेट वरिष्ठाला तर देताच येत नाही. साहेब आजारी पडला की हाताखालच्यांवर कसला दबाव येतो हे आपल्याला सांगायला नको, त्यामुळे हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो.

आपल्याकडे पेरणीच्या दिवसांत सावड करतात, आज तुमच्या रानात तर उद्या माझ्या. तिथे परतफेड गृहीत असते. रजादानात ती नसते. म्हणूनच ते उदार आहे, आणि म्हणूनच बेभरवशाचेही आहे. वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी काम केलेल्या, सगळ्यांच्या परिचयाच्या माणसाला भरभरून तास मिळतात. रात्रपाळीत मुकाट्याने काम करणाऱ्याच्या वाट्याला तेवढ्याच गंभीर आजारात थोडेच येतात. तुम्ही तर तिथे अगदी नवे असाल.

तेव्हा करारावर सही करण्यापूर्वी कंपनीला लेखी विचारा: पगारी रजा किती, ती पुढच्या वर्षी नेता येते काय, अल्पकालीन अपंगत्व विमा (आजारपणामुळे काही काळ काम थांबले तर पगाराचा काही भाग देणारा) आहे काय, आणि रजादानात कुटुंबीयांचा आजार धरतात काय. अपंगत्व विमा तुमच्या स्वतःच्या आजारापुरताच असतो, आईच्या नव्हे.

एफएमएलएची रजा लागू होण्यासाठी त्या कंपनीत १२ महिने नोकरी, मागील १२ महिन्यांत १,२५० तास काम आणि ७५ मैलांच्या परिसरात कंपनीचे किमान ५० कर्मचारी, एवढे सगळे लागते. म्हणजे पहिले वर्ष तुमच्यासाठी सर्वांत असुरक्षित आहे. आईची शस्त्रक्रिया पुढे ढकलता येण्यासारखी नसेल, तर ती उरकूनच निघा, असे मी आग्रहाने सांगेन. पहिल्या वर्षानंतर मात्र आई भारतात असली तरी तिच्या गंभीर आजारपणासाठी ही रजा मिळू शकते, आणि लातूरच्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र कंपनीला स्वीकारावे लागते. ते मराठीत असेल तर मागणी झाल्यास इंग्रजी भाषांतर तुम्ही द्यायचे.

एच-१बी व्हिसावर असताना बिनपगारी रजा तुम्ही स्वतः, कामाशी संबंध नसलेल्या कारणासाठी मागितली असेल, तर त्या काळात पगार देण्याचे बंधन कंपनीवर नसते. नोकरीचे नाते मात्र कायम राहिले पाहिजे. म्हणून अर्ज, मंजुरी आणि वैद्यकीय कागद यांच्या प्रती जपून ठेवा आणि निघण्यापूर्वी वकिलाला दाखवा. आणखी एक बाब पुष्कळांना उशिरा कळते: एफएमएलएमध्ये पालक म्हणजे स्वतःचे पालक, सासू-सासरे त्यात येत नाहीत. पत्नीच्या वडिलांसाठी यावे लागले तर तुमची साठवलेली पगारी रजाच खर्ची पडेल, म्हणून ती दर डिसेंबरला फिरण्यात संपवून टाकू नका.