बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये अमोनियाचे सेन्सर किती आणि कुठे लावावेत? वास तर येतोच, मग खर्च कशाला?

तासगाव भागात नवीन स्टोअरेज बांधताय म्हणून लिहितोय. त्याच पट्ट्यात अमोनिया प्लँटवर, म्हणजे अमोनियाने थंडावा करणाऱ्या यंत्रांवर, मी ऑपरेटर आहे. आणि तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य आमच्या एका जुन्या मॅनेजरसाहेबांच्या तोंडात कायम असायचं.

साहेबांचा हिशेब असा: अमोनिया पाच-दहा पीपीएमलाच (हवेच्या दहा लाख भागांत पाच-दहा भाग) नाकाला कळतो, सेन्सर बोंबलतो २५ ला. मग आधी जागं कोण झालं? आकडे बरोबर आहेत. पण नाक माणसाबरोबर फिरतं. पहाटे तीनला मागच्या चेंबरमध्ये कुणाचं नाक असतं? मशीन रूममध्ये रोज बसणाऱ्याचं नाक तर मेलेलंच असतं, त्याला पंधरा आणि चाळीस सारखेच. शिवाय नाक एक्झॉस्ट फॅन सुरू करत नाही.

आमच्याकडे २५ ला दिवा-भोंगा आणि १५० ला फॅन आपोआप, अशी सोय होती. सीझनला व्यापारी माल बघायला यायचे, त्याच वेळी इकडे प्लँटमध्ये साठलेलं कॉम्प्रेसरचं तेल काढायचं काम निघायचं, थोडा गॅस सुटायचा आणि भोंगा वाजायचा. साहेब म्हणायचे, "व्यापाऱ्याला वाटतं मालाला गॅस लागला." त्यांनी इलेक्ट्रिशियनकडून पॅनेलमागे एक बटण बसवून घेतलं. ते दाबलं की भोंगा गप्प, नुसता तांबडा दिवा, आणि पॅनेलकडे बघतंय कोण! मी लॉगबुकात लिहिलं, तोंडी सांगितलं. उत्तर आलं, "तू मशीन बघ." शेवटी मी बटण काढलं, वायर सरळ जोडली आणि लॉगबुकात तसं लिहून खाली सही केली. नंतर बरेच दिवस आमचं बोलणं कामापुरतंच.

त्याच पावसाळ्यात रात्री ऑइल पॉटमधून, म्हणजे ते तेल साठतं त्या भांड्यातून, तेल काढताना व्हॉल्व्ह बंद होईना. अमोनियात तेल विरघळत नाही, तळाला बसतं, ते काढावंच लागतं. आणि तेल संपलं की त्याच्या मागून द्रव अमोनिया येतो. हेल्परने नळी टाकून बाहेर धूम ठोकली, शहाणा पोरगा. भोंगा वाजला, फॅन लागला. पलीकडे अँटी रूममध्ये (चेंबरच्या दाराबाहेरची खोली) हमाल बॉक्स लावत होते, त्यांना तोवर कसलाही वास नव्हता. भोंगा ऐकून ते बाहेर पडले. मी हवेच्या सिलिंडरचा सेट चढवून मागचा व्हॉल्व्ह बंद केला. पोराचे डोळे बराच वेळ पाण्याने धुतले, निभावलं.

सकाळी साहेब आले आणि म्हणाले, "वास आलाच असता की." आला असता साहेब. पण ३०० पीपीएमला जिवाला धोका धरतात, आणि त्या ढगात डोळे उघडून दरवाजा शोधायचा असतो. भोंगा ऐकून एखादा व्यापारी घाबरला, तरी ते यापेक्षा स्वस्त पडतं.

आता कुठे लावायचे. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी, म्हणून मशीन रूममध्ये वर, कॉम्प्रेसर आणि रिसीव्हरच्या (द्रव अमोनियाची टाकी) बाजूला. पण द्रव फुटला तर थंड पांढरा ढग जमिनीलगत पळतो, म्हणून चेंबरमध्ये छताला नको, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कूलरजवळ. दाराशी लावू नका. तिथला सेन्सर फक्त तपासणीला येणाऱ्या साहेबाला दिसण्यापुरता. भोंगा बंद करायचं बटण कुणाच्याही हाताला लागता कामा नये, मालकाच्याही.

बाटलीतला अमोनिया सेन्सरखाली धरून "चालतोय बघा" हा खेळ करू नका, त्याने सेन्सरमधला गॅस ओळखणारा सेल खराब होतो. ठरावीक पीपीएमच्या गॅसच्या सिलिंडरनेच तपासणी करायची. मोठी गळती झाली की सेल संपला असं धरून चाला. एरवीही दोनेक वर्षांत बदलावा लागतो. मास्कचं कपाट मशीन रूमच्या आत ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! साधा कॅनिस्टर मास्क मोठ्या गळतीत कामाचा नाही, हवेचा सेट पाहिजे. बारीक गळती शोधायला गंधकाची कांडी अजून चांगली, पांढरा धूर दिसतो. गंधकाची आपल्या भागात वाण नाही, पण वास जोरात असेल तर कांडी पेटवू नका, हवेत १५-१६ टक्के झाला की अमोनियाही पेटतो.

आणि नुसता सेन्सर लावून कुणी वाचत नाही, हेही मान्य. कॅनडातल्या फर्नी गावात ऑक्टोबर २०१७ मध्ये बर्फावर खेळायच्या स्टेडियममध्ये अमोनिया गळून तिघे गेले. तिथे अलार्म वाजला होता, आणि चिलर (थंडावा करणारं यंत्र) गळतोय हे काही महिने आधीच कळलं होतं.

हे सगळं अमोनिया प्लँटचं. अमोनियाऐवजी फ्रीऑन गॅसचा प्लँट बसवणार असाल तर उलटं: त्याला वास नाही, तो जड, सेन्सर खाली लावायचा.

किती लावायचे ते चेंबरची मापं कळल्याशिवाय सांगता येणार नाही. कंपनीचं नाव विचारू नका. ज्याचा माणूस सांगलीत येऊन कॅलिब्रेशन (सेन्सरचा आकडा बरोबर जुळवणं) करून जातो, त्याचा घ्या.